पाय आत वळतो? वळू दे की!

दिवाळीचा फराळ संपत आला की ऑफिसातल्या जनतेला दोन साक्षात्कार होतात. पहिला, पँट घट्ट झालीय. दुसरा, जानेवारीतली मॅरेथॉन जेमतेम दोन महिन्यांवर आलीय. मग सुरू होतं पळणं, आणि पळण्याच्या आधी अर्थातच शॉपिंग! कँटीनमध्ये कटिंगबरोबर शूजवर चर्चा झडायला लागतात. कुशन, ड्रॉप, ग्रिप... आणि त्यातच एक भारदस्त शब्द कानावर पडतो, ओव्हरप्रोनेशन. ‘अरे, मला ओव्हरप्रोनेशन आहे,’ हे वाक्य लोक अगदी ‘मला सायनस आहे’च्या सुरात टाकतात.

आमच्या टीममधल्या एकीनं तर या शब्दाची चक्क हाय खाल्ली. दोन वर्षं मजेत पाच-सात किलोमीटर पळणारी मुलगी. यंदा पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉनला नाव दिलेलं. नवे शूज घ्यायला गेली, तर दुकानात तिला मिनिटभर ट्रेडमिलवर पळवलं, मागून व्हिडिओ काढला आणि स्क्रीनवर लाल रेघा मारून सांगितलं, ‘मॅडम, तुमचा पाय आत पडतो. हे शूज घेतले नाहीत तर गुडघे जातील.’ किंमत? साडेबारा हजार! तिनं शूज घेतले नाहीत, पण पळणंही बंद केलं. म्हणते, ‘आपले पायच खराब आहेत रे. कशाला उगाच रिस्क?’ आणि गंमत म्हणजे, तिला दुखत काहीच नव्हतं!

योगायोगानं गेले तीन महिने मी अशाच शूजवर पळतोय. वजनाला हलका, भरपूर कुशन असलेला आणि पाय आत वळणाऱ्यांसाठी बनवलेला ‘स्टॅबिलिटी’ शू. तेव्हा म्हटलं, या आठवड्यात त्याचाच हिशेब मांडू या.

आधी फंडा क्लिअर करू. पळताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर टेकते. मग पाऊल किंचित आत वळतं, तळव्याची कमान जराशी खाली बसते आणि धक्का शोषला जातो. याला म्हणतात प्रोनेशन. हा तुमच्या शरीराचा फुकटात मिळालेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे, बॉस! हे वळणं नेहमीपेक्षा जास्त असलं की त्याला ‘ओव्हर’ लावतात. पण ‘नेहमीपेक्षा’ म्हणजे नक्की किती? सगळ्यांनी मान्य केलेली अशी एकच रेघ कुठे नाही. माणसागणिक चाल वेगळी, तसं हे वळणंही वेगळं.

घरच्या घरी करायची टेस्ट तुम्हाला माहीत असेल. पाय ओला करायचा आणि फरशीवर किंवा जुन्या पेपरवर उमटवायचा. मधे छान कमान दिसली तर नॉर्मल, आणि सगळाच्या सगळा तळवा उमटला तर सपाट. माझा ठसा म्हणजे पावाची लादी! पण ही टेस्ट सांगते ती उभ्या पायाची गोष्ट. पळताना तोच पाय किती वळतो, हे त्यावरून खात्रीनं कळत नाही. जुन्या शूजच्या टाचेची बाहेरची कड झिजली म्हणून घाबरणारेही पुष्कळ आहेत. अहो, टाच तिथेच टेकते म्हटल्यावर झीज तिथेच होणार ना!

आता शूजकडे वळू. पूर्वीचा स्टॅबिलिटी शू ओळखणं सोपं होतं. सोलच्या आतल्या बाजूला करड्या रंगाचा एक कडक पट्टा असायचा. बाकीचा फोम मऊ, हा तुकडा टणक. पाय आत झुकायला लागला की हा पट्टा त्याला अडवायचा. आयडिया बरी होती, पण शूज जड आणि ताठ व्हायचे. अलीकडे कंपन्यांनी रस्ता बदललाय. ब्रूक्सनं पट्ट्याऐवजी टाचेच्या दोन्ही बाजूंना ‘गाइडरेल्स’ आणले. होकाच्या अराहीत इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचा जरा घट्ट फोम टाचेभोवती फिरतो. आणि १९९३पासून चालत आलेल्या आसिक्सच्या जेल-कायानोनंही २०२३मधल्या तिसाव्या आवृत्तीत सोलची नवी रचना आणली. थोडक्यात, पायाला दटावण्याऐवजी त्याला रुंद आणि स्थिर बैठक द्यायची. पायथा रुंद, कडा किंचित उंच, फोम मऊ पण डुगडुगणारा नाही. हलका आणि तरीही स्थिर शू शक्य झाला तो यामुळे.

मी वापरतोय तो याच नव्या जातीचा. नाव मुद्दाम देत नाही. ही जाहिरात नाही, आणि ही मॉडेल्स वर्षा-दीड वर्षात नंबर बदलतात. कशाकडे पाहायचं हे कळलं, की नंबर कोणताही असो, काम भागतं. तर माझा साइज नऊ. घरच्या किचनमधल्या काट्यावर एका बुटाचं वजन भरलं २६८ ग्रॅम. (आई म्हणाली, ‘आता त्याच काट्यावर मी रवा मोजू का?’) टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, ८ मिलिमीटर. मंगळवार-गुरुवारी शिवाजी पार्कभोवती फेऱ्या आणि रविवारी सकाळी शिवाजी पार्क ते मरीन ड्राइव्ह. मधे पेडर रोडचा चढ आहेच, तब्येतीची विचारपूस करायला.

हलकेपणापासून सुरू करू, कारण बॉक्सवर तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की पळायला साधारण १ टक्का जास्त ऊर्जा लागते, असं प्रयोगांत दिसून आलंय. जुन्या धाटणीच्या जाड स्टॅबिलिटी शूपेक्षा हा ४० ग्रॅमनी हलका धरा. म्हणजे अडीच तासांत हाफ मॅरेथॉन पुरी करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याचा फायदा किती? जेमतेम अर्धा मिनिट! तेवढा वेळ तर आपण पाण्याच्या टेबलापाशी सेल्फी काढण्यात घालवतो. त्यामुळे निव्वळ ‘लाइटवेट’ या शब्दापायी दोन-तीन हजार जास्त मोजू नका. फरक पडतो तो पायाला जाणवण्यात. जुने जड शूज दहाव्या किलोमीटरनंतर ओढल्यासारखे वाटायचे, ते इथे झालं नाही.

कुशन झकास. पहिल्या दिवसापासून मऊ, पण गादीवर उभं राहिल्यासारखं नाही. आपल्या पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर हे फार महत्त्वाचं. अति मऊ शू तिथे घोट्याला डोलवतो. स्थिरपणाची खरी परीक्षा मी लांबच्या रविवारी घेतली. एक रविवार हा शू, पुढचा रविवार माझा साधा न्यूट्रल शू. रस्ता तोच, वेग जवळपास तोच. पहिले १२ किलोमीटर काही म्हणता काही फरक नाही. त्यानंतर पाय थकले, पावलं जड पडायला लागली, रस्त्याच्या कडेचा उतार जाणवायला लागला, तेव्हा या शूमध्ये पाऊल जास्त ठाम पडत होतं. पोटऱ्या कमी भरून आल्या. वेळ मात्र दोन्हीकडे सारखीच, हेही सांगायला हवं.

नाराजी? आहे ना. ऑगस्टच्या पावसात वरचं जाड कापड पाणी पिऊन बसलं आणि हलकेपणाचे बारा वाजले. वाळायला दोन दिवस लागले, तेही पेपरचे बोळे कोंबून आणि पंख्याखाली ठेवून. ऑक्टोबरच्या उन्हात पाय भाजले. आणि चवड्यापाशी शू जरा निमुळता आहे. आपल्या हवेत तासाभरानंतर पाय सुजतो, तेव्हा करंगळी कुरकुरते. मागची भोकं वापरून लेस बांधली की टाच पक्की बसते आणि पुढे थोडी मोकळीक मिळते. तेवढा जुगाड करावा लागला.

आता मूळ मुद्दा. हा शू घातला नाही तर गुडघे जातील का? इथे संशोधन काय म्हणतं ते मजेशीर आहे. अमेरिकेत सैन्यदल, हवाई दल आणि मरीन कोअरमध्ये नव्यानं भरती झालेल्यांवर प्रयोग झाले. २००९ आणि २०१०मध्ये ते प्रसिद्ध झाले. काहींना तळव्याची कमान बघून शूज दिले, तर बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडलाच नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच साध्या न्यूट्रल शूमध्ये वर्षभर पळवलं. २०१४च्या त्या अभ्यासात आत वळणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. म्हणजे स्टॅबिलिटी शू ही निव्वळ थाप? तसंही नाही. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर सहा महिने झालेल्या आणि २०१६मध्ये आलेल्या अभ्यासात, आतून आधार असलेल्या शूजमध्ये दुखापती कमी दिसल्या. त्यातही फायदा मुख्यतः जास्त वळणाऱ्या पायांना झाला.

मग ऐकायचं कुणाचं? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर पळणाऱ्या पायांचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये मांडलेला विचार मला पटतो. प्रत्येक शरीराची हालचालीची एक आवडती वाट असते आणि पायाला आरामशीर वाटणारा शू त्या वाटेवर आपल्याला राहू देतो. सोप्या मराठीत, निवड दुकानातल्या लाल रेघांनी करायची नाही, आपल्या तळव्यानं करायची.

त्यामुळे माझा निकाल असा. या शूला मी दहापैकी साडेसात गुण देतो, आणि ते सगळे आरामासाठी. लांब पळताना थकलेल्या पायाला तो साथ देतो. पैसा वसूल, पण चष्म्याच्या नंबरासारखा कुणी लिहून दिलाय म्हणून घ्यायची ही वस्तू नाही. आणि कितीही महाग शू घ्या, चार किलोमीटरवरून एका आठवड्यात चौदावर उडी मारलीत तर तो तुम्हाला वाचवणार नाही. नडगी आणि गुडघे बोलतात ते बहुतेक वेळा या घाईमुळे. आठवडे मोजा, हळूहळू वाढवा, मधे एखादा हलका आठवडा टाका. याला छदामही लागत नाही.

दुकानात जाल तेव्हा संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. पळायचे मोजे सोबत न्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सेल्समनकडे एक स्टॅबिलिटी आणि एक न्यूट्रल, असे दोन्ही जोड मागा. शक्य असेल तर एका पायात हा, दुसऱ्या पायात तो घालून चाला, मग अदलाबदल करा. दोन्ही घालून थोडं पळून बघा. लोक बघतात? बघू देत! जो पायात आहे हे विसरायला होतं, तो तुमचा. आधीचे शूज नीट चालत असतील आणि काही दुखत नसेल, तर तसाच जोड पुन्हा घ्या आणि उरलेल्या पैशांत मिसळ खा.

मात्र हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, एकच पाय अलीकडे अचानक सपाट झाला असेल किंवा लंगडत पळावं लागत असेल, तर शूजच्या दुकानात जाऊच नका. सरळ ऑर्थोपेडिक किंवा फिजिओ गाठा. ट्रेडमिलवरचा मिनिटभराचा व्हिडिओ म्हणजे तपासणी नव्हे.

आणि काहीच दुखत नसताना कुणी तुमच्या पायांना नापास केलं, तर हसून सोडून द्या. पाय आत वळतो? वळू दे की. तो त्याचं काम करतोय. तुम्ही तुमचं करा. उद्या पहाटे साडेपाचचा अलार्म लावा!