सवलत कोणाला, भार कोणावर?

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातून जुन्नरकडे चढणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी समजूत आहे. आपण किती दिले हे त्या व्यापाऱ्यास निदान दिसत तरी होते. आज नारायणगाव, ओतूर, घोडेगावच्या बाजारात पथारी मांडणाऱ्या आपल्या बांधवास ते दिसत नाही. म्हणूनच, "हे लोक कर कोठे भरतात?" असे विचारण्याचे धाडस शहाण्यांना होते!

तो कर भरतो. वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या माल-विक्रेत्यास सामान्यतः जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, हे खरे. परंतु दोरा, साबण, हत्यारे घेताना दिलेला कर नोंदणीकृत दुकानदारास वजा करून मिळतो; याला मिळत नाही. माल आणणाऱ्या टेम्पोच्या डिझेलवर कर आहे. बसल्या जागेची बाजारकराची पावती आहेच.

आता संकटकाळचा न्याय पाहा. मंदीची चाहूल लागताच सप्टेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारने, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना, 30 ऐवजी 22 टक्के प्राप्तिकर ठरविला. पुढे मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. आठवडे बाजार ओस पडले. त्याच काळात, मे महिन्यात, डिझेलवरील केंद्रीय कर लिटरमागे 13 रुपयांनी वाढला! जगात तेल स्वस्त झाले होते. ती स्वस्ताई टेम्पोवाल्यापर्यंत पोहोचण्याआधीच तिजोरीने गिळली.

सवलती निघाल्या नाहीत काय? निघाल्या. जीएसटीची विवरणपत्रे उशिरा भरण्यास मुभा मिळाली. ज्याचे विवरणपत्रच नाही, त्याने काय करावे? सरकारी हमीचे नवे कर्ज मिळाले, ते 29 फेब्रुवारी 2020 रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या 20 टक्के. ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याच्या शून्याचे 20 टक्के किती? फेरीवाल्यांना 10,000 रुपये देणारी स्वनिधी योजना मुळात शहरांची. खेड्यातला बाजार तिच्या कक्षेबाहेर राहिला. मोफत धान्य मिळाले, हे मान्य केले पाहिजे. त्याने चूल पेटली; दुकानाचे भांडवल मात्र चुलीतच गेले.

1927 साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी याच अन्यायावर बोट ठेवले होते. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर नाही. पण पीक बुडाले तरी गरीब शेतकऱ्यास सारा चुकत नाही, हे त्यांनी सरकारला ऐकविले. साऱ्याच्या जागी आज डिझेल आणि दोरा आला, एवढाच फरक.

बंधू-भगिनींनो, आपल्या वडीलधाऱ्यांनी येसकरकी टाकली, बलुते टाकले, आणि कोणी शिलाई यंत्र घेतले, कोणी तराजू धरला. ते दुकान बुडाले तर सावकाराच्या ओट्याखेरीज दुसरी वाट कोणती? दान नको. बाजार बंद असेल तितक्या दिवसांचे गाळाभाडे व बाजारकर अर्जाविना माफ व्हावेत. संकटात पहिली करकपात डिझेलवर व्हावी. आणि बाजारकराची पावती हाच मदतीसाठी पुरेसा पुरावा मानला जावा.

तेव्हा त्या पावत्या पुडी बांधण्यास वापरू नका. तारखेवार जपून ठेवा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेल्याखेरीज उठू नये.