वॉर्ड हरवला, हिशेब कोणाकडे मागायचा?

एखाद्या वॉर्डाचा पंचवीस वर्षांचा निवडणूक इतिहास मांडायला घेतला, तर महाराष्ट्रात पहिलीच अडचण अशी येते, की तो वॉर्ड जागेवर सापडत नाही. गल्ल्या त्याच असतात, घरेही तीच. पण हद्द, क्रमांक आणि निवडून द्यायच्या सदस्यांची संख्या दर निवडणुकीला वेगळी. आयुधनिर्माणीमुळे राज्याला परिचित असलेले भुसावळ तालुक्यातील वरणगाव २०१० नंतरच्या दशकात ग्रामपंचायतीतून नगर परिषदेत आले आणि तेथील जुने वॉर्ड संपले. डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांसाठी मतदान झाले, तेव्हा मतदाराने सर्वसाधारणपणे प्रभागातील दोन सदस्य आणि थेट नगराध्यक्ष अशी तीन मते दिली. नगराध्यक्षाच्या निवडीचाही असाच लपंडाव झाला आहे. २००१ मध्ये थेट निवड, २००६ मध्ये सदस्यांतून, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून आणि २०२२ मध्ये परत थेट.

महापालिकांची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग आला. २००७ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक ही जुनी पद्धत परतली. २०१२ मध्ये दोन, तर २०१७ मध्ये चार सदस्यांचा प्रभाग झाला. महाविकास आघाडीने २०१९ च्या अखेरीस एकसदस्यीय वॉर्ड आणला आणि २०२१ मध्ये स्वतःच तो बदलून त्रिसदस्यीय प्रभाग ठरविला. या दोन्ही पद्धतींनी एकाही महापालिकेची सार्वत्रिक निवडणूक होऊ शकली नाही, तोच २०२२ मध्ये सत्ताबदल होऊन चार सदस्यांचा प्रभाग पुन्हा आला. प्रत्येक बदलाला कारण प्रशासकीय सोयीचे दिले गेले. वेळ मात्र राजकीय सोयीची निवडली गेली.

याचा परिणाम पाहायचा तर जळगावकडे पाहावे लागते. २००३ मध्ये महापालिका झालेल्या या शहरात दीर्घकाळ सुरेशदादा जैन यांच्या गटाचा शब्द चालत असे. २०१३ मध्येही त्यांच्या खानदेश विकास आघाडीने ७५ पैकी ३३ जागा घेऊन पहिले स्थान राखले. पुढच्या वेळी चारसदस्यीय प्रभाग आले आणि ७५ जागा अवघ्या १९ प्रभागांत बसविल्या गेल्या. ऑगस्ट २०१८ च्या त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने ५७ जागा जिंकल्या. शिवसेनेला १५ आणि एमआयएमला तीन जागा मिळाल्या. प्रभाग मोठा झाला, की उमेदवाराच्या घरोघरच्या ओळखीपेक्षा पॅनेल, चिन्ह आणि खर्चाची ताकद जड ठरते. भाजपच्या त्या यशाला इतरही कारणे होती, हे मान्य करूनही प्रभागरचनेचा वाटा नाकारता येणार नाही.

खरी कसोटी लागली ती मार्च २०२१ मध्ये. भाजपचे २७ नगरसेवक महापौर निवडणुकीत शिवसेनेच्या जयश्री महाजन यांच्यामागे उभे राहिले. शिवसेनेचे १५, एमआयएमचे तीन आणि हे २७ मिळून ४५ मते झाली. भाजपच्या प्रतिभा कापसे यांना ३० मते पडली. अडीच वर्षांपूर्वी मतदारांनी दिलेला कौल एका बैठकीत उलटला. अपात्रतेचा वाद नाशिकच्या विभागीय आयुक्तांपुढे गेला, तो कायद्याचा भाग झाला. मतदाराच्या हाती काय उरले, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. एका वॉर्डाचा एक नगरसेवक पक्ष सोडून गेला असता, तर निदान जाब कोणाला विचारायचा हे गल्लीला ठाऊक असते. चौघांच्या प्रभागात एक इकडे, तीन तिकडे अशी वाटणी झाली, की गटार तुंबल्यावर प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखविता येते.

मोठ्या प्रभागाच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे. एकसदस्यीय वॉर्डात आरक्षणाची सोडत निघाली, की पाच वर्षे काम केलेल्या नगरसेवकाला पुढच्या वेळी आपल्याच वॉर्डातून उभे राहता येईल याची खात्री नसते. चार जागांच्या प्रभागात महिलांचे ५० टक्के आरक्षण सांभाळूनही इतरांसाठी एखादी जागा बहुधा उरते. पण ही सोय प्रामुख्याने उमेदवाराची आहे. शिवाय एक जागा रिक्त झाली, तरी पोटनिवडणुकीसाठी पूर्ण प्रभागातील मतदारांना पुन्हा केंद्रावर जावे लागते.

ही पद्धत इतकी हितकारक असेल, तर मुंबई त्यातून सतत का वगळली गेली, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच सरकारने दिलेले नाही. तेथे २२७ वॉर्ड आणि २२७ नगरसेवक हे सूत्र टिकले. २०१७ मध्ये गिरगावच्या वॉर्ड क्रमांक २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि चिठ्ठी काढून शहा विजयी ठरले. शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशा त्या चुरशीत एका वॉर्डाचे मोल किती असते, हे सर्वांनी पाहिले.

खानदेशात मधल्या काळात नगरसेवकच नव्हते. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबल्या. जळगाव महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी महापालिकांचे मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. तोपर्यंत प्रभागांच्या हद्दी आखताना हाताशी लोकसंख्या होती ती २०११ च्या जनगणनेची. दरम्यान शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या आकड्यांत कोठेच नव्हत्या. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. तिचे आकडे आले, की पुढील निवडणुकीपूर्वी वरणगावसह सर्वच ठिकाणचे प्रभाग पुन्हा आखावे लागतील आणि २०२५-२६ मध्ये मतदान झालेले प्रभागही जुन्या यादीत जमा होतील.