बेचिराख कशाला म्हणायचे?

बेचिराख हा मराठीत मुरलेला फारसी शब्द. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. लुटून-जाळून उद्ध्वस्त केलेल्या गावाला आपण बेचिराख म्हणतो. महसुली दफ्तरात मात्र वस्ती उरली नाही ते गाव बेचिराख, जळालेले असो वा नसो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत भिवंडीत घरे जळाली, माणसे मेली. पण शहर बेचिराख झाले नाही. माणसे राहिली, यंत्रमाग पुन्हा सुरू झाले.

डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएच्या छाप्यांनंतर पडघ्याचे नाव देशभर गाजले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण त्या भीतीने तरुण पत्ता लपवू लागले, गाव सोडू लागले, तर आग न लागताही दिवे विझतील. दोस्तांनो, पडघ्याचे नाव उजळ माथ्याने सांगा.