हॉटेलचे प्रगतिपुस्तक

परीक्षा झाली की तुमच्या हाती प्रगतिपुस्तक येते. गुण कमी असले तरी ते घरी दाखवावे लागते. अब्बू किंवा अम्मी त्यावर सही करतात. पण ज्या हॉटेलात आपण पैसे देऊन जेवतो, त्याचे प्रगतिपुस्तक कोण पाहते?

काही वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन सहलीला गेलो होतो. दुपारी वाटेतल्या एका हॉटेलात आम्ही थांबलो. समोरची खोली चकचकीत होती. हात धुण्यासाठी मी मागच्या बाजूला गेलो. तेथे टबातल्या गढूळ पाण्यात ताटे बुडवून काढली जात होती. भाताचे पातेले उघडे होते आणि त्यावर माश्या बसत होत्या. मी हे पाहिले, पण गप्प बसलो. उशीर झाला होता, मुले भुकेली होती. त्याच संध्याकाळी सात मुलांना उलट्या सुरू झाल्या. दोघांना रात्रभर सलाइन लावावे लागले. नेमके कारण कोणी तपासले नाही. मीही तक्रार केली नाही. ती चूक मला आजही टोचते.

शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला, तर त्यात जंतू वाढतात. काही जंतूंचे विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसपेक्षा गरम किंवा ५ अंशांपेक्षा थंड ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात.

आपल्या देशात यासाठी कायदा आहे. २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला आणि २०११ पासून तो अमलात आला. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी हॉटेलांची तपासणी करतात, अन्नाचे नमुने घेतात. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक झाले. ही चांगली गोष्ट आहे. परंतु हजेरीपटात नाव असले म्हणजे मुलगा पास झाला, असे होत नाही. तपासणीत काय आढळले, हे गिऱ्हाइकाला कळायला हवे.

न्यूयॉर्क शहरात २०१० पासून हे कळते. तेथे तपासणीत जितके दोष अधिक, तितके गुण अधिक मांडतात. तेरा किंवा त्याहून कमी गुण असतील, तर 'ए' श्रेणी मिळते. श्रेणीचा कागद हॉटेलच्या दर्शनी भागी लावावाच लागतो. आपल्याकडेही स्वच्छतेची श्रेणी देण्याची योजना निघाली, पण ती ऐच्छिक ठेवली गेली. आता सांगा, प्रगतिपुस्तक दाखवणे ऐच्छिक असते, तर नापास झालेल्या किती मुलांनी ते घरी दाखवले असते? माझे स्पष्ट मत आहे, तपासणीचा निकाल प्रत्येक हॉटेलच्या दारावर लागला पाहिजे.

काहीजण म्हणतील, यामुळे छोट्या हॉटेलवाल्याचे पोट मारले जाईल. त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून दोष सुधारायला मुदत द्यावी आणि पुन्हा तपासणी करावी. न्यूयॉर्कमध्येही पहिल्या खेपेला 'ए' न मिळालेल्या हॉटेलाला श्रेणी देण्यापूर्वी पुन्हा तपासतात. शिवाय पातेल्यावर झाकण, हात धुवायला साबण आणि भांड्यांना वाहते पाणी यांसाठी श्रीमंत असावे लागत नाही. तुमच्या अम्मी छोट्याशा स्वयंपाकघरातही हे सारे सांभाळतातच ना?

मित्रांनो, अधिकारी रोज येऊ शकत नाही. तुम्ही मात्र डोळे उघडे ठेवू शकता. ताट अस्वच्छ दिसले, तर ते नम्रपणे परत करा. भांडी घासणाऱ्या कामगारावर ओरडू नका, मालकाला सांगा. त्याने ऐकले नाही, तर वडीलधाऱ्यांना तक्रार करायला लावा. मी त्या दिवशी गप्प बसलो. तुम्ही गप्प बसू नका.