पदराआडचं दुखणं

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या पिंपळनेरातल्या एक काकू, साठी ओलांडलेल्या. तीन दिवस डाव्या छातीत आग आणि पाठीपर्यंत सुया टोचल्यासारखी कळ. विचारलं की म्हणायच्या, "काही नही व्हयनं माले, पित्त शे." शेवटी सुनेने दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला निघाला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पाठीपासून छातीखालपर्यंत पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठले. ती नागीण होती! पण डॉक्टरांसमोर पोलकं कसं काढायचं, म्हणून काकू गप्प. एका शेजारणीला तेवढं दाखवलं. तिने गेरूचा लेप सांगितला, वर "तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो" अशी भीती घातली. सुनेला कळेपर्यंत पाच दिवस गेले होते. आज फोड वाळलेत, पण साडीचा काठ घासला तरी काकू कळवळतात.

मैत्रिणींनो, नागिणीचा सापाशी काही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो. बहुतेक वेळा एकाच बाजूला उठतो आणि फोडांच्या आधी काही दिवस नुसतं दुखतं. त्यामुळे छातीत कळ आली की हृदयविकार वाटतो.

म्हणून "नागीणच असेल" असं घरी ठरवू नका. छातीत दुखलं की आधी दवाखाना आणि ईसीजी. घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर लगेच १०८ ला फोन करा. ईसीजी चांगला असूनही दुखत राहिलं, तर रोज त्वचा बघा. फोड दिसले की ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं उत्तम. डोळ्याजवळ उठले तर एक दिवसही थांबू नका. फोड झाकून ठेवा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला जपा. पन्नाशीनंतर घ्यायची नवी लसही २०२३ पासून आपल्याकडे मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून तर बघा.

लाज वाटत असेल तर नर्सताईंना किंवा आशाताईंना सोबत घ्या. पण दुखणं पदराआड लपवू नका. आणि सुनांनो, लेकींनो, सासू-आई "काही नाही" म्हणाली, तरी एकदा पाठ बघाच!