दंडुक्याला पदवी कशाला?

अंतर्गत सुरक्षा हा विषय विद्यापीठात शिकवतात म्हटलं की निवृत्त अधिकाऱ्यांच्या बैठकीत हशा पिकतो. पोहणं पाण्यात शिकतात, फळ्यावर नव्हे, हे ठेवणीतलं वाक्य. बंदूक चालवायला मैदानच लागतं, हे कोण नाकारतंय? पण सुरक्षा फसते ती दर वेळी मैदानातच फसते का?

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. धैर्याची वाण नव्हती. तुकाराम ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. कमी पडलं ते टेबलावर. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे आधीच येऊन पडले होते. नंतर राज्य सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने बोट ठेवलं ते या इशाऱ्यांच्या हाताळणीवर आणि ठरलेली कार्यपद्धती न पाळण्यावर. दहा ठिकाणांहून आलेले तुकडे जुळवायचे, त्यातलं खरं किती आणि अफवा किती हे पारखायचं, कोणता कागद कोणापर्यंत किती तासांत जायला हवा हे ठरवायचं. हे दंडुक्याचं काम नव्हे. त्याला संख्याशास्त्र, कायदा आणि शत्रूची भाषा लागते. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरणाऱ्या अनोळखी पोरांना कोळ्यांनी हटकलं होतं. किनाऱ्यावरच्या माणसाची शंका यंत्रणेपर्यंत वेळेत का पोचत नाही, हा तर चक्क समाजशास्त्राचा प्रश्न आहे. परेडच्या मैदानावर तो सुटायचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: या पदवीने नोकरी मिळत नाही. अर्धं खरं आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या असिस्टंट कमांडंटच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, एमपीएससीतून फौजदार व्हायलाही चालते. तेव्हा ‘हा कोर्स करा आणि थेट गुप्तचर खात्यात जा’ असं सांगणाऱ्या क्लासवाल्याला उंबऱ्यावरूनच नमस्कार करावा. पण सुरक्षेची नोकरी म्हणजे खाकीच, हे कोणी ठरवलं? परदेशी जहाजं लागणाऱ्या बंदरांवर १ जुलै २००४ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरणं आणली. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना या प्राधिकरणांची गरज समजावून सांगावी लागत नाही. बँकांची सायबर सुरक्षा आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. मात्र प्रयोगशाळेत रसायनशास्त्र येणारा लागतो आणि बँकेत संगणक कळणारा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी एखाद्या भक्कम विषयाची पदवी, मग त्यावर सुरक्षेचा अभ्यास. गांधीनगरजवळ लवाडला २०२० च्या कायद्याने केंद्रीय दर्जा मिळालेलं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. बारावीनंतर लगेच ‘सुरक्षा’ एवढंच वाचून बाहेर पडणाऱ्याची मला खरंच काळजी वाटते.

तिसरा आक्षेप आमच्या पुरोगामी मित्रांचा: उद्या विद्यापीठाची छावणी होईल. हा मी हसण्यावारी नेत नाही. विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला शिकवण्याऐवजी सलाम ठोकायला शिकवलं तर तो अभ्यासक्रम बंद झालेलाच बरा. पण हा विषय विद्यापीठाने टाकून दिला तर छावणी थोडीच ओस पडणार? एवढंच होईल की सुरक्षेचं काय चुकलं हे फक्त सुरक्षा खातीच सांगतील, आणि तेही त्यांच्या सवडीने. प्रधान समितीचाच अहवाल पाहा. सरकारच्या हाती तो एप्रिल २००९ मध्ये पडला, विधिमंडळापुढे यायला डिसेंबर उजाडला. मुंबई-पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने पीएचडीला विषय शोधायचाच असेल, तर मी म्हणेन, या आठ महिन्यांपासून सुरुवात कर.