हवापालट कोणासाठी?

एका माणसाचे आरोग्य दुसऱ्याच्या आरोग्यापासून तोडून काढता येत नाही, हा कोविड महासाथीचा पहिला धडा होता. चाळीतल्या एका खोलीत दहा माणसे कोंडलेली असतील, तर टेकडीवरच्या बंगल्यातला माणूसही सुरक्षित राहत नाही. या धड्यातून सार्वजनिक दवाखाने, पिण्याचे पाणी आणि कष्टकऱ्यांची घरे यांचा कार्यक्रम निघायला हवा होता. बाजाराने त्याच संकटातून वेगळाच बोध घेतला. स्वच्छ हवा, मोकळे आकाश, निवांतपणा आणि इतर माणसांपासूनचे अंतर यांना आता चांगली किंमत येते, हे त्याने हेरले. या नव्या व्यापाराला 'शाश्वत आरोग्य पर्यटन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. मुंबईच्या उंबरठ्यावरचा पेण-रोह्याचा पट्टा त्या व्यापाराच्या वाटेवर येत असल्यामुळे, या नावामागचा अर्थ येथील कार्यकर्त्यांनी वेळीच तपासला पाहिजे.

आरोग्यासाठी प्रवास ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. 'हवापालट' हा त्यासाठीचा जुना मराठी शब्द आहे. त्वचेच्या व्याधी घेऊन पालीजवळच्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या कुंडांवर जाणारा गरीब माणूसही आरोग्ययात्रीच असतो. पण रोगाच्या भयाने शहर सोडण्याची सोय सर्वांना सारखी कधीच नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा काही महिन्यांतच शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. ऐपतदारांना थंड हवेच्या ठिकाणी बंगले मिळाले. गिरणी कामगार कोकणातल्या आणि घाटावरच्या आपल्या गावांकडे परतले, आणि पोटासाठी पुन्हा त्याच कोंदट खोल्यांत आले. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला माणसे अडवण्याचे, तपासण्याचे व हलवण्याचे अधिकार दिले. त्या अधिकारांचा जाच गरिबांच्या वस्त्यांनी अधिक सोसला.

सव्वाशे वर्षांनी तोच कायदा पुन्हा वापरात आला आणि तीच विषमता नव्या रूपात दिसली. मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. एप्रिलमध्ये वाधवान या उद्योगपती कुटुंबातील २३ जण गृह खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. मे महिन्यात जालन्याहून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. मुंबई-गोवा महामार्गावरून त्याच काळात कोकणातले चाकरमानी डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. एका वर्गाला हवापालटासाठी सरकारी पत्र मिळत होते आणि दुसऱ्या वर्गाला स्वतःच्या घरी जाण्यासाठीही वाट मोकळी नव्हती. महासाथीनंतरच्या पर्यटनाची चर्चा ही पार्श्वभूमी विसरून करता येणार नाही.

या व्यापाराचे स्वरूप महासाथीने कसे बदलले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाख परदेशी प्रवासी आले होते. २०२० मध्ये त्यांची संख्या २७ लाख ४४ हजारांवर घसरली. जगभरच्या 'वेलनेस' पर्यटनाची उलाढाल त्या धंद्याच्याच अंदाजानुसार एका वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. विमानाने येणारे गिऱ्हाईक थांबताच धंद्याने मोटारीने दोन-तीन तासांत येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. गर्दीच्या हॉटेलाऐवजी कुंपणाआडचा स्वतंत्र बंगला, दोन दिवसांच्या सहलीऐवजी घरून काम करण्याच्या सवलतीमुळे लांबलेला मुक्काम, त्यात योग, मालिश, सेंद्रिय भाजी आणि पोहण्याचा तलाव, असा नवा साचा तयार झाला. सरकारही मागे राहिले नाही. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. २०२२ मध्ये केंद्राने वैद्यकीय व वेलनेस पर्यटनाचा आणि शाश्वत पर्यटनाचा असे दोन राष्ट्रीय आराखडे प्रसिद्ध केले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि दक्षिण मुंबईच्या श्रीमंत वस्त्या रायगडच्या आणखी जवळ आल्या. प्रवासी परत आले, पण महासाथीत पडलेला हा साचा मोडला नाही. आणि या साच्याला सर्वांत आधी लागते ती जमीन.

रायगडात जमिनीचा प्रश्न केवळ खरेदी-विक्रीचा नाही. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन न कसण्याचा संप केला. सहा वर्षे उपासमार सोसून त्यांनी 'जमीन कोणाची?' हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा केला. कुळकायद्याला त्या लढ्याची पार्श्वभूमी आहे. भूदानासाठी देशभर पायी फिरलेले विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या साथीने शेतकरी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारला लोकमत अजमावावे लागले आणि ते प्रकल्पाच्या विरोधात गेले. जमीन द्यायची की नाही हे गावाने ठरवायचे, हा पायंडा पेणने घालून दिला आहे.

आर्थिक क्षेत्राचा धोका एका अधिसूचनेत दिसत होता, म्हणून गावे एकवटली. फार्महाउसचा धोका एकेका सातबाऱ्यावरून येतो, म्हणून तो ध्यानात येत नाही. कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही, पण उद्योग आणि पर्यटन यांच्या नावाने पळवाटा ठेवलेल्या आहेत. एका पिढीने खोताकडून सोडवलेली जमीन पुढची पिढी आजारपणाच्या, लग्नाच्या किंवा कर्जाच्या पायी विकते. विकणाऱ्याचा मुलगा त्याच जमिनीवर पहारेकरी होतो. किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदी यांचा बेकायदा बंगला प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी स्फोटके लावून पाडला. हे घडायला उच्च न्यायालयातील याचिका आणि एका हिरे-व्यापाऱ्याचे देशातून पलायन अशी दोन्ही निमित्ते लागली! मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवे नगर वसवण्याची अधिसूचना निघाली, तेव्हापासून जमिनीवरचा हा दाब आणखी वाढला आहे.

या दाबाखाली सर्वांत आधी भरडला जातो तो कातकरी. केंद्र सरकारने ज्यांना विशेष दुर्बल आदिवासी गट मानले आहे, त्यांत महाराष्ट्रातील तीन जमाती आहेत आणि कातकरी त्यांतील एक आहे. पेण-रोह्याच्या अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. मालक शेती करीत होता तोवर त्याला मजूर हवे होते, म्हणून वाडीला थारा होता. मालक जमीन विकतो आणि नव्या मालकाला मजुरांऐवजी एकांत हवा असतो, तेव्हा वाडी अडथळा ठरते. पाणवठ्याची वाट बंद होते, मग कुंपण येते, आणि अखेरीस घरे उठतात. वर्षातील कित्येक महिने वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर परमुलुखी राबणाऱ्या या माणसांना टाळेबंदीने जेथल्या तेथे गाठले होते. परतून यावे असे त्यांचे एकमेव ठिकाण जर कोणाच्या 'निसर्गरम्य' मुक्कामासाठी नाहीसे होणार असेल, तर त्या पर्यटनाला शाश्वत म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

जमिनीइतकाच पाण्याचा प्रश्न बोलका आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे. त्याचे पाणी सिडकोच्या नळांतून नवी मुंबईला जाते, आणि पेणच्या खारेपाटातील बायाबापड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चे काढावे लागतात. पोहण्याचे तलाव आणि हिरवळी वाढवताना कोणाच्या विहिरीची पातळी खाली जाणार, याचा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे. रोह्याची कुंडलिका नदी तर या अर्थव्यवस्थेचे चित्रच आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडला शहरी पाहुणे रबरी होड्यांतून जलक्रीडा करतात. तीच नदी खाली धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारून वाहते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील जे ५३ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले त्यांत कुंडलिका आहे. पाहुण्याला नदीचा वरचा भाग मिळतो, मच्छीमाराला खालचा. संपूर्ण नदी निरोगी करण्याचा ज्यात विचार नाही, त्या आरोग्य पर्यटनाला आरोग्याचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

या टीकेवर एक उत्तर नेहमी दिले जाते: पर्यटनाने रोजगार मिळतो. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. खारबंदिस्ती फुटून शेतात खारे पाणी शिरल्याने भातशेती बुडालेल्या तरुणाला काम हवेच आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झालेल्या बागायतदाराला घरगुती खाणावळीचा आणि दोन खोल्यांच्या भाड्याचा आधार मिळाला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण रोजगार कोणता आणि नफा कोणाचा, हे विचारल्यावाचून या उत्तराला अर्थ नाही. गावकऱ्याने स्वतःच्या घरात पाहुणा ठेवणे वेगळे आणि मुंबईच्या कंपनीच्या बंगल्यात गावकऱ्याने चादरी बदलणे वेगळे. शिवाय महासाथीने दाखवून दिले आहे की हा धंदा एका आदेशाने बंद पडतो. अशा वेळी मालकाकडे गंगाजळी असते. हंगामी नोकराकडे नियुक्तीपत्र नसते, भविष्यनिर्वाह निधी नसतो आणि आजारी पडल्यास विम्याचे कार्डही नसते. परक्याच्या आरोग्यासाठी राबणाऱ्याचे स्वतःचे आरोग्य असे वाऱ्यावर सोडलेले असते.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, याच पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यातून राज्याला द्रवरूप वैद्यकीय प्राणवायू पुरवला गेला. राज्याला श्वास पुरवणाऱ्या या तालुक्यातील माणूस गंभीर आजारी पडला, तर आजही त्याच्या नातलगांच्या तोंडी पनवेलची आणि मुंबईची नावे येतात. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु वाडीवस्तीवरच्या बाळंतिणीच्या आणि सर्पदंश झालेल्या मजुराच्या दृष्टीने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असणे हीच आरोग्यसेवेची कसोटी आहे.

मग आरोग्यासाठी निसर्गाकडे जाऊच नये काय? असे कोणीही म्हणणार नाही. निसर्गोपचाराला या महाराष्ट्रातच एक वेगळी परंपरा आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला गेले, ते निसर्गोपचार श्रीमंतांच्या दवाखान्यातून काढून खेड्यातल्या गरिबाच्या दारी नेण्यासाठी. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांना पैसे पडत नाहीत, हाच त्या उपचाराचा मोठा गुण होता. मणिभाई देसाई यांनी ते काम तेथेच राहून वाढवले. पेणच्या शेजारी तारा या गावी युसूफ मेहेरअली सेंटरचे काम दवाखान्यापासून सुरू होऊन रुग्णालय, शाळा, खादी, तेलघाणी अशा उद्योगांपर्यंत पोहोचले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी शंभरी पूर्ण करून निवर्तलेले डॉ. जी. जी. पारीख यांनी हे काम उभे करण्यात आयुष्य वेचले. तेथे शहरातून माणसे येतात, निसर्गात राहतात, आणि त्यांच्या येण्याने स्थानिक माणूस विस्थापित होत नाही.

विश्रांती हाही कष्टकऱ्याचा हक्क आहे, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरता कामा नये. १९३६ साली फ्रान्समध्ये लिआँ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि कित्येक कामगार कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. ते पर्यटन कायद्याने दिलेल्या रजेतून आणि कामगारांच्या संघटित बळातून जन्मले होते. आज भारतातील असंघटित कामगाराला आजारपणाचीही भरपगारी रजा नाही. घरकाम करणारी, सफाई करणारी, महासाथीत शहर चालू ठेवणारी माणसे हवापालटाची खरी हक्कदार आहेत. त्यांच्यासाठी सरकारने समुद्रकाठी आणि डोंगरात विश्रामगृहे बांधावीत, अशी मागणी कोणत्याच पर्यटन धोरणात आढळत नाही. ती करणे हे समाजवादी पक्षाचे काम आहे.

पेण-रोह्यातील कार्यकर्त्यांसमोरचा कार्यक्रम यातून स्पष्ट होतो. प्रत्येक कातकरी वाडीखालची जमीन मोजून तिला गावठाणाचा दर्जा आणि रहिवाशांना मालकीचा कागद मिळेपर्यंत, त्या जमिनीच्या कोणत्याही हस्तांतरणाला विरोध झाला पाहिजे. पर्यटन प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेत पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब मांडण्याची सक्ती व्हावी. या धंद्यावर कर बसवून त्याचे उत्पन्न त्याच तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांवर खर्च व्हावे. हॉटेले व फार्महाउसमधील नोकरांची संघटना बांधावी आणि त्यांना किमान वेतन व विमा मिळवून द्यावा. घरगुती निवास चालवू इच्छिणाऱ्या स्त्रियांना व लहान शेतकऱ्यांना सहकारी संस्थांमार्फत कर्ज मिळावे. यातील एकही मागणी अवास्तव नाही. गावोगावचे सातबारे तपासण्यापासून उद्याच सुरुवात करता येईल.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल तेव्हा शहरातून मोटारी पुन्हा महामार्गाला लागतील. त्या दिवशी पेणच्या वाडीवर पाणी, घर, जमिनीचा कागद आणि डॉक्टर असेल, तर येणाऱ्या पाहुण्यालाही येथे आसरा मिळेल. ते नसेल, तर कुंपण कितीही उंच बांधले तरी साथ ते ओलांडून आत येईलच.